नैसर्गिक मारक पेशी आणि सायटोकाइन: जगण्याचा संदेश, लढण्याचा संदेश

सहा महिन्यांच्या आतल्या एका बाळाचा रक्ताचा अहवाल समोर आहे असे समजा. त्यातल्या तीन ओळी महत्त्वाच्या आहेत. टी पेशी जवळजवळ शून्य. बी पेशी भरपूर. एनके पेशी जवळजवळ शून्य. बाळ मुलगा आहे. जन्मानंतर दिलेल्या बीसीजी लशीची जागा भरून न येता चिघळली आहे, काखेत गाठ आली आहे, तोंडातला बुरशीचा पांढरा थर औषधाने जातो आणि पुन्हा येतो, वजन वाढत नाही. एवढ्या माहितीवरून जाणकार डॉक्टर सांगू शकतात की बिघाड बहुधा कोणत्या एका जनुकात आहे. जनुकाची तपासणी नंतर होते, ती या अंदाजाची खात्री करण्यासाठी.

मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था आहे. तिला सगळे एनआयआयएच म्हणतात. जन्मजात प्रतिकारदोषांचे निदान फ्लो सायटोमेट्रीने करणाऱ्या देशातल्या महत्त्वाच्या केंद्रांपैकी ती एक. तिथे असे नमुने येतात आणि असे अहवाल तयार होतात. या टिपणाचा उद्देश एवढाच की तुम्हाला त्या तीन ओळी वाचता याव्यात. त्यासाठी एक प्रश्न सोडवावा लागेल: एनके पेशी कोणाच्या सांगण्यावरून जगते आणि कोणाच्या सांगण्यावरून लढते? पेशी, प्रथिन, जनुक आणि ग्राही या संकल्पना बारावीपर्यंत झालेल्या आहेत असे धरले आहे.

एनके पेशी कोण?

एनके म्हणजे 'नॅचरल किलर', नैसर्गिक मारक. १९७५ मध्ये स्टॉकहोममध्ये रोल्फ किसलिंग, इव्हा क्लाइन आणि हान्स विगझेल यांनी, आणि त्याच सुमारास अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांनी उंदरांमध्ये अशा लिम्फोसाइट दाखवल्या, की ज्या आधी कोणतीही ओळख करून न देता कर्करोगाच्या पेशी मारतात. 'नैसर्गिक' हा शब्द त्यावरून आला. टी पेशीला शत्रूची आधी ओळख पटावी लागते, मग तिची संख्या वाढते, त्यात दिवस जातात. एनके पेशी तयारीतच असते.

माणसाच्या रक्तातल्या लिम्फोसाइटपैकी साधारण ५ ते १५ टक्के एनके असतात. ओळखायची खूण अशी: सीडी३ नाही, सीडी५६ आहे. त्यांचे दोन गट पडतात. सुमारे नव्वद टक्के पेशींवर सीडी५६ कमी असते आणि त्या मारण्यात तरबेज असतात. उरलेल्यांवर सीडी५६ पुष्कळ असते. त्या मुख्यतः इतरांना संदेश पाठवतात, म्हणजे स्वतः सायटोकाइन सोडतात.

कोणाला मारायचे हे एनके कशी ठरवते, हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे. थोडक्यात सांगायचे तर निरोगी पेशी आपल्या पृष्ठभागावर एमएचसी वर्ग-१ हे ओळखपत्र बाळगतात. विषाणूने ग्रासलेल्या किंवा कर्करोगी पेशी ते पुष्कळदा लपवतात. ओळखपत्र नाही आणि वर तणावाच्या खुणा आहेत, असे दिसले की एनके तिच्यात परफोरिनने छिद्रे पाडते आणि ग्रॅन्झाइम आत सोडते. ओळखपत्राची ही कल्पना स्वीडनच्या क्लास कारे यांची. पण इथे आपल्याला त्याच्या आधीची पायरी पाहायची आहे. मारणारी पेशी मुळात जिवंत आणि सज्ज असते, ती कशामुळे?

जगण्याचा संदेश: आयएल-१५

सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना पाठवलेले छोटे प्रथिनरूपी निरोप. पाठ्यपुस्तकात त्यांची लांबलचक यादी असते आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ती पाठ होते, तिसऱ्या दिवशी विसरते. एनके पेशीपुरते एकच नाव पक्के लक्षात ठेवा: इंटरल्युकिन-१५, म्हणजे आयएल-१५. बाकीची नावे त्याच्याभोवती आपोआप बसतात.

आयएल-१५ चा शोध १९९४ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे लावला. पुढे १९९८ मध्ये त्याच्या ग्राहीची अल्फा साखळी नसलेले उंदीर तयार झाले आणि २००० मध्ये आयएल-१५ चे जनुकच काढलेले उंदीर. दोन्हींमध्ये एनके पेशी जवळजवळ नव्हत्या. आणखी एक गोष्ट दिसली. पूर्ण तयार झालेल्या एनके पेशी आयएल-१५ नसलेल्या उंदरात सोडल्या, तर त्याही थोड्याच दिवसांत संपतात. म्हणजे हे सायटोकाइन अस्थिमज्जेत पेशी घडवण्यापुरते लागते असे नाही. घडून बाहेर पडलेल्या पेशीलाही ते रोज लागते.

का लागते? पेशीच्या आत दोन पक्ष असतात. बीसीएल-२ आणि एमसीएल-१ ही प्रथिने पेशीला जगवतात. बिम आणि नोक्सा ही तिला अपॉप्टोसिसकडे, म्हणजे स्वतःहून शिस्तीत संपण्याकडे ढकलतात. आयएल-१५ चा निरोप पहिल्या पक्षाला बळ देतो आणि दुसऱ्याला दाबून ठेवतो. यातले एमसीएल-१ फार अल्पायुषी आहे. तयार झाल्यावर तासाभराच्या आतच त्याचा बराच भाग मोडून पडतो, त्यामुळे ते सतत नव्याने बनवत राहावे लागते. उंदराच्या एनके पेशींमधून फक्त एमसीएल-१ काढले, तरी एनके पेशी नाहीशा होतात.

मी अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवते, म्हणून इथे वॉचडॉग टायमरची आठवण करून देते. मायक्रोकंट्रोलरमधला हा टायमर सतत उलटा मोजत असतो. प्रोग्रॅमने ठरावीक वेळात त्याला हात लावला नाही, तर तो सगळी यंत्रणा रीसेट करतो. एनके पेशीत एमसीएल-१ हा असा उतरणारा आकडा आहे आणि आयएल-१५ हा त्याला पुन्हा पुन्हा वर नेणारा हात. पेशीला मारण्यासाठी कोणी आज्ञा द्यावी लागत नाही. जगण्याची आज्ञा येणे थांबले की पुरे. माणसाच्या रक्तातल्या एनके पेशींची उलाढाल साधारण दोन आठवड्यांत होते. शरीराने ही तजवीज मुद्दाम केल्यासारखी वाटते, कारण परवानगी न मागता मारणारी पेशी बेवारस फिरत राहणे कोणालाच परवडणारे नाही.

आता निरोप पोचवण्याची रीत पाहा, ती विलक्षण आहे. बहुतेक सायटोकाइन रक्तात किंवा पेशींमधल्या द्रवात सोडली जातात आणि ज्याच्याकडे ग्राही असेल तो ती उचलतो. आयएल-१५ मोकळे फारसे सापडतच नाही. ते बनवणारी डेंड्रिटिक पेशी किंवा मॅक्रोफेज आपल्याच अल्फा साखळीवर त्याला घट्ट धरून पृष्ठभागावर मिरवते. एनके पेशी जवळ येऊन टेकली की तिच्यावरच्या बीटा आणि गॅमा या दोन साखळ्या त्याला पकडतात. पत्र टपालात न टाकता हातात नेऊन द्यावे तसे. २००२ मध्ये ही पद्धत स्पष्ट झाली. परिणामी एनकेचे जगणे तिच्या शेजारावर अवलंबून राहते. अस्थिमज्जा, लसीका गाठी, यकृत, जिथे आयएल-१५ धरणारे शेजारी आहेत तिथे एनके टिकते. विषाणूचा संसर्ग झाला की टाइप-१ इंटरफेरॉन सुटतात आणि त्यांच्या प्रभावाने डेंड्रिटिक पेशी जास्त आयएल-१५ मिरवू लागतात. शेजारच धोक्याची वर्दी देतो आणि शिदोरीही तोच देतो.

पृष्ठभागापासून केंद्रकापर्यंत

आत निरोप कसा जातो ते आता क्रमाने पाहू. तो आकृतीसारखा डोळ्यांपुढे ठेवा, कारण बाळाच्या अहवालाचे उत्तर याच तारेवर कुठेतरी आहे.

एनके पेशीवर बीटा साखळी आहे, तिला सीडी१२२ म्हणतात. तिच्या आतल्या टोकाला जॅक१ हे किनेज चिकटलेले असते. शेजारी गॅमा साखळी आहे, सीडी१३२. तिच्या आतल्या टोकाला जॅक३. आयएल-१५ ने दोन्ही साखळ्या जवळ आणल्या की जॅक१ आणि जॅक३ एकमेकांना फॉस्फेट लावून जागे करतात, मग साखळीच्या शेपटीलाही फॉस्फेट लावतात. त्या फॉस्फेटवर स्टॅट५ येऊन बसते. त्यालाही फॉस्फेट लागते, दोन स्टॅट५ जोडीने केंद्रकात जातात आणि जनुके चालू करतात. जगवणारी प्रथिने त्यातूनच येतात. याच ग्राहीवरून दोन फाटे आणखी फुटतात. एक पीआय३के-एकेटी-एमटॉर, तो पेशीचा खुराक आणि वाढ पाहतो. दुसरा आरएएस-मॅप किनेज, तो विभाजनाकडे जातो.

ब्रेकही याच तारेवर आहे. स्टॅट५ जी जनुके चालू करते त्यांत सिश हे एक असते. त्याचे प्रथिन परत येऊन जॅक१ ला आवरते. निरोप जितका मोठा, तितका ब्रेक जास्त. २०१६ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवले की हे जनुक काढलेल्या उंदरांच्या एनके पेशी आयएल-१५ ला जास्त जोराने प्रतिसाद देतात आणि कर्करोगाचा प्रसार अधिक रोखतात. नियंत्रण प्रणालींचा पेपर दिलेल्यांना यात ऋण प्रतिभरण लगेच दिसेल.

तार कुठे तुटली?

आता बाळाकडे येऊ. त्यासाठी अजून एकच माहिती हवी. गॅमा साखळी ही फक्त आयएल-१५ ची नाही. आयएल-२, ४, ७, ९, १५ आणि २१ या सहाही सायटोकाइनांच्या ग्राहींत ती सामाईक आहे. तिचे नावच 'कॉमन गॅमा'. टी पेशी घडायला आयएल-७ लागते. एनके पेशी घडायला आणि टिकायला आयएल-१५. माणसाच्या बी पेशी मात्र यांतल्या कोणावाचूनही संख्येने तयार होतात.

मग गॅमा साखळीचे जनुक बिघडले तर? आयएल-७ ऐकू येत नाही, टी पेशी गेल्या. आयएल-१५ ऐकू येत नाही, एनके गेल्या. बी पेशी उरल्या. टी उणे, बी अधिक, एनके उणे. अहवालातल्या तीन ओळी जशाच्या तशा. बी पेशी दिसतात म्हणून हुरळून जाऊ नये. टी पेशींची मदत नाही आणि आयएल-२१ चा निरोपही पोचत नाही, म्हणून त्या प्रतिपिंडे नीट बनवू शकत नाहीत. या आजाराला सिव्हियर कंबाइन्ड इम्युनोडेफिशियन्सी, थोडक्यात स्किड म्हणतात. गॅमा साखळीचा दोष हे त्याचे एक प्रमुख कारण आहे, हे १९९३ मध्ये कळले. हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, म्हणून आजार मुलांना होतो आणि आया वाहक असतात. यासाठीच डॉक्टर आईला विचारतात, तुमचा एखादा भाऊ तान्हेपणीच गेला होता का? बाळाच्या मामांचा इतिहास इथे निदानाचा भाग होतो.

पण जॅक३ बिघडले तरी तार त्याच जागी तुटते. अहवाल अगदी तसाच येतो, टी उणे, बी अधिक, एनके उणे. हा दोष १९९५ मध्ये सापडला. फरक वारशात आहे. जॅक३ चे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे आणि आजार व्हायला दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात, त्यामुळे मुलगी असो वा मुलगा, कोणालाही होतो. आईवडील नात्यातले असतील तर शक्यता वाढते. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी आणि इथे म्हैसूरकडे मामाशीही लग्ने होत आली आहेत, तेव्हा आपल्या भागात नात्यातल्या लग्नाचा प्रश्न आडून न विचारता सरळ विचारावा लागतो. बाळ मुलगी असेल आणि अहवाल असाच असेल, तर पहिला संशय जॅक३ वर.

तिसरी शक्यता सगळ्यांत बोलकी आहे. आयएल-७ च्या ग्राहीची स्वतःची अल्फा साखळी बिघडली, तर टी पेशी जातात, बी राहतात आणि एनके पेशीही राहतात. असे रुग्ण १९९८ मध्ये वर्णिले गेले. दोन अहवाल शेजारी ठेवा. एकात एनके आहेत, एकात नाहीत. यावरून निघते की माणसात टी पेशींना आयएल-७ लागते, एनकेला नाही, आणि एनकेला गॅमा साखळीतूनच येणारे दुसरे काहीतरी लागते. ते दुसरे काहीतरी म्हणजे आयएल-१५. उंदरांमध्ये जनुके काढून जे सिद्ध केले जाते, ते माणसांत आजारी बाळांच्या अहवालांतून उलगडले. आणि उंदीर इथे फसवूही शकतो, कारण उंदराच्या बी पेशींना आयएल-७ लागते. गॅमा साखळी नसलेल्या उंदरात बी पेशीही कमी होतात. फक्त उंदराचे पुस्तक वाचणारा बाळाचा अहवाल चुकीचा वाचेल.

दोन सावधगिरीच्या सूचना. गरोदरपणात आईच्या काही टी पेशी बाळात उतरतात. बाळाची प्रतिकारशक्ती नसल्यामुळे त्या तिथे टिकून राहतात आणि अहवालात 'टी पेशी आहेत' असा भास होतो. दुसरे, जनुक अर्धवट बिघडले असेल तर थोड्या एनके दिसू शकतात. म्हणून तीन ओळी दिशा देतात, निकाल देत नाहीत.

याहून साधी आणि जास्त उपयोगी गोष्ट अशी की तान्ह्या बाळात लिम्फोसाइटची संख्या मोठ्या माणसापेक्षा बरीच जास्त असते. दर मायक्रोलिटरला दीड हजार हा आकडा प्रौढाला चालतो, पण काही महिन्यांच्या बाळाला तो धोक्याचा आहे. साध्या सीबीसीच्या कागदावर प्रौढांची मर्यादा छापलेली असली, तर हा आकडा 'नॉर्मल' म्हणून निसटतो. वेळेत अस्थिमज्जा प्रत्यारोपण न झाल्यास स्किडची बहुतेक बाळे पहिल्या एकदोन वर्षांतच दगावतात, आणि मोठा संसर्ग होण्याआधी प्रत्यारोपण झाले तर जगण्याची शक्यता खूप वाढते. आपल्याकडे बीसीजी जन्मताच दिली जाते. करोडो बाळांसाठी ते योग्यच आहे. पण ती जिवंत जिवाणूंची लस आहे आणि स्किडच्या बाळात ती अंगभर पसरू शकते. लशीची जागा महिनोन्महिने चिघळत असेल तर तो कागद पुन्हा एकदा पाहावा.

जगणे वेगळे, लढणे वेगळे

आयएल-१५ मिळाले म्हणून एनके लगेच लढू लागते असे नाही. उंदराच्या शांत बसलेल्या एनके पेशीत ग्रॅन्झाइम-बी आणि परफोरिनचे आरएनए भरपूर असतात, प्रथिन मात्र फार थोडे. आयएल-१५ चा डोस वाढला की त्या आरएनएपासून झपाट्याने प्रथिन बनते. बंदुकीचे सुटे भाग घरात ठेवून जोडणी ऐनवेळी करण्यासारखे आहे हे. माणसाच्या मारक एनके मात्र बऱ्याच अंशी आधीच भरलेल्या असतात.

लढाईचा खरा हुकूम देणाऱ्यांत आयएल-१२ आणि आयएल-१८ पुढे आहेत. आयएल-१२ चे १९८९ मधले पहिले नावच 'एनके पेशी उत्तेजक घटक' असे होते. ते गॅमा साखळीच्या तारेवरून जात नाही. त्याचे ग्राही वेगळे, आत स्टॅट५ ऐवजी मुख्यतः स्टॅट४. आयएल-१८ तर जॅक-स्टॅट वापरतच नाही, ते मायडी८८ मार्गे जाते. यांतले एकच आले तर एनके थोडी हलते. दोन्ही एकदम आली तर इंटरफेरॉन-गॅमाचा लोंढा सुटतो, दोघांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त. अँड गेट म्हणता येईल, फक्त काटेकोर नाही.

या इंटरफेरॉन-गॅमाने मॅक्रोफेज चेततात, ते आपल्या पोटातले जिवाणू मारू लागतात आणि आणखी आयएल-१२ सोडतात. त्याने एनके आणि टी पेशी आणखी इंटरफेरॉन सोडतात. क्षयाच्या कुळातल्या जिवाणूंविरुद्ध हेच चक्र आपल्याला वाचवते. ते तुटलेली मुलेही आढळतात. आयएल-१२ च्या ग्राहीची बीटा-१ साखळी नसली तर पेशींची संख्या ठीक असते, टी, बी, एनके तिन्ही हजर, तरी बीसीजी पसरते आणि साल्मोनेलाही पुन्हा पुन्हा होतो. इथे उपचाराचे तर्कशास्त्र पाहण्यासारखे आहे. आयएल-१२ ऐकू येत नाही पण त्यापुढची तार शाबूत आहे, म्हणून बाहेरून इंटरफेरॉन-गॅमा टोचून उपयोग होतो. ज्या मुलात इंटरफेरॉन-गॅमाचाच ग्राही पूर्ण नाही, त्याला हे औषध कितीही दिले तरी व्यर्थ. लक्षण तेच, बीसीजी पसरण्याचे. बिघाडाची जागा वेगळी, म्हणून उपचार वेगळा.

उलट दिशेने टीजीएफ-बीटा काम करते. स्मॅड प्रथिनांमार्गे ते एनकेची धार बोथट करते, इंटरफेरॉन-गॅमा कमी करते आणि एनकेजी२डी हा शत्रू ओळखणारा ग्राही पृष्ठभागावरून उतरवते. जखम भरून येताना याची गरज असते. अनेक कर्करोगाच्या गाठी नेमके हेच सोडून एनकेला दारातच निष्प्रभ करतात.

मारता येत नाही तेव्हा

एनआयआयएचसारख्या प्रयोगशाळांत आणखी एक तपासणी होते, आणि ती स्किडच्या नेमकी उलट बाजू दाखवते. बाळाला ताप हटत नाही, प्लीहा वाढलेली आहे, रक्तपेशी घटत आहेत, फेरिटिन भयंकर चढले आहे. इथे एनके पेशी असतात, निरोपही ऐकतात, पण परफोरिनचे जनुक बिघडलेले असते, किंवा परफोरिनच्या पिशव्या बाहेर रिकाम्या करणारी यंत्रणा. आजाराचे नाव कौटुंबिक एचएलएच. फ्लो सायटोमेट्रीने दोन गोष्टी पाहतात: पेशीत परफोरिन आहे का, आणि शत्रू समोर ठेवल्यावर पिशवी फुटल्याची खूण, सीडी१०७ए, पृष्ठभागावर येते का.

मारणे जमत नाही म्हणून आजार सौम्य असेल असे वाटेल, पण घडते उलटे. एनके आणि सीडी८ टी पेशी शत्रूला मारतात तेव्हा शत्रूबरोबर निरोपाचे कारणही संपते. इथे ते संपतच नाही. पेशी शत्रूला चिकटून राहतात आणि इंटरफेरॉन-गॅमा सोडत राहतात. मॅक्रोफेज पिसाळतात आणि स्वतःच्याच रक्तपेशी गिळू लागतात. मारणे हा या प्रणालीचा थांबा-संकेतसुद्धा आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत इंटरफेरॉन-गॅमाला पकडणारे एमापालुमॅब हे औषध या आजारासाठी मंजूर झाले, ते याच समजुतीवर.

औषध म्हणून सायटोकाइन

एनकेला सायटोकाइन देऊन कर्करोग मारता येईल, ही कल्पना जुनी आहे. १९८० च्या दशकात स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी रुग्णाच्या पेशी आयएल-२ मध्ये वाढवून परत दिल्या. मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मोठ्या डोसचे आयएल-२ अमेरिकेत १९९२ मध्ये मंजूर झाले. काही रुग्णांत गाठी पूर्ण विरघळल्या. बहुतेकांत नाही, आणि रक्तवाहिन्या झिरपून रक्तदाब कोसळण्याचा त्रास गंभीर. दुसरी अडचण अशी की आयएल-२ वर सगळ्यांत घट्ट पकड असते ती प्रतिकार थोपवणाऱ्या नियामक टी पेशींची. पंगत एनकेसाठी मांडली आणि पहिल्या रांगेत पाहारेकरीच जेवून गेले. आयएल-१५ या पेशींना तितके वाढवत नाही, म्हणून पुढे लक्ष त्याच्याकडे वळले.

पण आयएल-१५ चीही अडचण आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या गटाने माणसाच्या एनके पेशींना नऊ दिवस सलग आयएल-१५ दिले, आणि दुसऱ्या गटाला तीन दिवस देऊन तीन दिवस खंड आणि पुन्हा तीन दिवस असे दिले. सलग मिळालेल्या पेशी जास्त थकल्या. त्यांचा चयापचय ढासळला, मारण्याची क्षमता घटली, जगण्याचे प्रमाणही कमी झाले. जो संदेश थोडा थोडा मिळत राहिला की पेशी टिकते, तोच जोरात आणि अखंड मिळाला की ती झिजते. उंदरांत जनुकाद्वारे आयएल-१५ कायमचे खूप वाढवले तर त्यांना एनके आणि टी पेशींचा रक्ताचा कर्करोगही होतो.

तार मुद्दाम मंद करायची गरज असलेले रुग्णही आहेत. जॅक३ नसलेल्या बाळांत फक्त प्रतिकारयंत्रणा बिघडते, इतर अवयव ठीक राहतात. त्यावरून संशोधकांना सुचले की जॅक३ अडवणारे औषध प्रतिकारशक्ती निवडकपणे दाबेल. त्या वाटेने टोफासिटिनिब आले, ते २०१२ मध्ये संधिवातासाठी मंजूर झाले. ते फक्त जॅक३ नव्हे, जॅक१ लाही अडवते. आता तुम्हीच सांगू शकाल की या गोळीने रक्तातल्या एनकेची संख्या का घटू शकते, आणि नागिणीसारखे विषाणूजन्य आजार या रुग्णांत अधिक का दिसतात. तुमच्या घरात कोणी ही गोळी घेत असेल तर ती डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. संधिवाताचे नुकसान हेही खरे नुकसान आहे.

शेवटी पेशींचे उपचार. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेली नेक्सकार१९ ही भारतातली पहिली कार-टी उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली. त्यात रुग्णाच्याच टी पेशींना सीडी१९ ओळखणारा कृत्रिम ग्राही बसवतात. हेच एनके पेशींवर केले तर एक मोठी सोय होते. परक्या माणसाची एनके दिली तरी ती सहसा रुग्णाच्या शरीरावर उलटत नाही, म्हणून दुसऱ्याच्या नाळेच्या रक्तातून पेशी तयार करून ठेवता येतात. अडचण काय, ते तुम्ही आता ओळखले असेल: रुग्णाच्या शरीरात तिला आयएल-१५ पुरेसे कोण देणार?

टेक्सासमधल्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्राच्या गटाने यावर उपाय असा काढला, की कृत्रिम ग्राहीबरोबर आयएल-१५ चे जनुकही पेशीतच घालायचे. पेशी स्वतःचा निरोप स्वतःच लिहील. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत ११ रुग्णांपैकी ८ जणांनी प्रतिसाद दिला, त्यातल्या ७ जणांत आजार पूर्ण ओसरला, आणि वर्षभरानंतरही या पेशी रक्तात सापडत होत्या. कार-टीमध्ये भीती असते तसे सायटोकाइन वादळ कोणालाही झाले नाही. रुग्ण फक्त अकरा होते आणि काहींना पुढे इतर उपचारही मिळाले, हे आकडे वाचताना ध्यानात ठेवावे. वॉचडॉग टायमर स्वतःच स्वतःला हात लावू लागला तर काय होईल, हा प्रश्न या गटालाही पडला होताच. म्हणून त्यांनी त्याच पेशीत कॅस्पेस-९ चा एक बदललेला प्रकार बसवला. विशिष्ट औषध दिले की दोन कॅस्पेस-९ जवळ येतात आणि पेशी अपॉप्टोसिसमध्ये जाते. त्या चाचणीत तो खटका दाबायची वेळ आली नाही.